तीन नंबरच्या पंख्याचा आवाज

"आवाजच नाही ह्या डब्यात," मी प्लेअर काउंटरवर आपटला. "सारं दबल्यासारखं ऐकू येते."

सदर बाजारातल्या त्या प्लेअर-हेडफोनच्या दुकानात सोनिका नावाची पोरगी बसते. तिने न चिडता प्लेअर उघडून पाहिला. आत एकही गाणं नव्हतं. सावनेर रोडवरच्या आमच्या जिनिंगमधले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या मिलमधले, कापूस ओढणारे पंखे आणि मोटारी यांचे आवाज होते. दर सोमवारी मी प्रत्येक बेअरिंगचा आवाज त्यात भरून ठेवतो. एकतीस वर्षं माझं काम तेच. रोज सकाळी बेअरिंगला लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं, आवाज बरा असला की खडूने 'ठीक' लिहायचं. ते लिहिल्याशिवाय मिलमध्ये कोणी कापसाला हात लावत नाही. बेअरिंग कोरडं पडलं की तापतं, आणि तापल्या लोखंडापाशी रुई असली की भडका उडायला वेळ लागत नाही.

हल्ली सळईतून सगळे पंखे मला सारखेच वाटत होते. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा आवाज आणि आताचा ताडून पाहिला. तोही सारखाच! म्हणजे दोष डब्याचा, हे मी ठरवून टाकलं. घरी टीव्ही मोठ्याने लावतो म्हणून माझा पोरगा रजत ओरडायचा. त्याचेच कान नाजूक, असं मी म्हणायचो.

"काका, जागा पुरावी म्हणून फाईली लहान करून भरल्या ह्यात," सोनिका म्हणाली. "अशानं बारीक आवाज कापल्या जाते. कोणं भरून दिलं?"

"पोरानं शिकवलं."

"मोठं कार्ड टाका, अन् फुल साईजमध्ये भरा. हे असले हेडफोन काहून वापरता? फेका." तिने नवे हेडफोन माझ्या कानांवर चढवले, एक गाणं लावलं. "मागं घुंगरू वाजून राहिले. आले ऐकू?"

मला तबला ऐकू येत होता.

"आले ना," मी म्हणालो. घुंगरांवाचून माझं काय अडलं होतं?

सोमवारी नवं कार्ड टाकून तीन नंबरच्या पंख्याचा आवाज भरला. ऐकला, एकदम गुळगुळीत! जीव भांड्यात पडला. आमची वायरमन उत्तरा तिथेच फ्यूज तपासत होती. दोन लेकरांची आई, पण थट्टेला सदा तयार. तिला हेडफोन दिले.

"ऐक वं. कसा लोण्यावानी चालून राहिला."

तिने कानाला लावले आणि लगेच ओढून काढले. "रामाजीकाका, हे शिट्टीवानी काय वाजून राहिलं?"

"कोणती शिट्टी?"

"अजी, कान फाडून राहिली ना!"

मी हसलो. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू विरलं. ती थट्टा करत नव्हती. मी जुनं कार्ड घालून मागच्या सोमवारचा आवाज लावला.

"ह्यात?"

"दबलेली हाय. पण हाय."

त्याच्या आधीचा लावला. "ह्यातही हाय." त्याच्याही आधीचा. "ह्यात नाही."

म्हणजे दोन आठवडे मी रोज सकाळी त्या बेअरिंगवर 'ठीक' लिहीत होतो. आजही लिहिलं होतं. अक्षर तिथेच होतं, पांढरं, ठळक. पंख्याच्या खाली रंभाबाई आणि तिच्या टोळीतल्या नऊ मजूर बाया कापसातला कचरा वेचत बसल्या होत्या.

बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. पंखा थांबवला तर मालक कारण विचारणार. काय सांगू, रामाजीला ऐकू येत नाही? एवढा विचार करेपर्यंत मी गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

"बंद कर!" मी ओरडलो. "तीन नंबर बंद कर! रंभाबाई, उठा वं! निघा साऱ्या बाहेर!"

खोललं तेव्हा बेअरिंग निळं-काळं पडलं होतं. भोवती चिकटलेली रुई भाजलेल्या पापडासारखी तपकिरी झाली होती. उत्तराने ती बोटाने दाबली तर तिचा चुरा झाला. मालक वाकून पाहत राहिले.

"रामाजी, तुमाले हे ऐकूच नाही आलं?"

"नाही जी."

एकतीस वर्षांत हे दोन शब्द मी पहिल्यांदा बोललो.

दुसऱ्या दिवशी नवं बेअरिंग बसलं. रंभाबाई रोजच्यासारखी पंख्यापाशी येऊन थांबली. "रामाजीभाऊ, बसू का?"

मी सळई उत्तराच्या हातात दिली. तिने कानाला लावली, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, दुसरं काही मला करता येत नव्हतं. तिने हात पुढे केला. मी खिशातला खडू काढून त्यावर ठेवला. तिने 'ठीक' लिहिलं, जरा तिरकं.

रंभाबाई बसली नाही. अक्षर माझं नव्हतं. ती माझ्याकडेच पाहत राहिली.

"बस वं," मी म्हणालो. "आता खरंच ठीक हाय."