रद्दीत ठेवलेला आवाज

मी टेबलाखालून बोलतेय. तुमचं लक्ष नेहमी वर, पडद्याकडे असतं, त्यामुळे मी तुम्हाला कधी दिसले नसेन. त्या काळ्या पत्र्याच्या डब्यात, पंख्याच्या शेजारी, स्क्रूंनी आवळून बसवलेली मी एक हार्ड डिस्क आहे. कान दिलात तर माझी घरघर ऐकू येईल. नवी होते तेव्हा ती नव्हती.

माझ्या पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या आहेत आणि त्यांच्यावरून जराही न टेकता फिरणारी एक सुई. तुम्ही जे साठवाल ते ती लिहून ठेवते. जिथे धुळीचा कणही चालत नाही अशा बंद खोलीत माझा जन्म झाला, आणि नशिबानं मी आले येरवड्यात, रस्त्यालगतच्या पहिल्या मजल्यावर. धुळीबद्दल अधिक काही बोलत नाही.

दीपाली इंजिनिअरिंगला होती तेव्हा तिच्यासाठी हा कॉम्प्युटर घरात आला. तिनं माझ्यात प्रोजेक्ट ठेवले, गाणी ठेवली, मैत्रिणींचे असंख्य फोटो ठेवले, त्यातले निम्मे डोळे मिटलेले. मग तिला खराडीत नोकरी लागली, लॅपटॉप मिळाला, पुढे लग्न झालं. मी मागे राहिले. तिच्या आईनं, हिराताईंनी, जुन्या चादरीचं कव्हर शिवून डब्यावर घातलं आणि त्यावर फुलदाणी ठेवली. बरीच वर्षं मी फुलदाणीचं स्टूल होते.

कव्हर काढलं ते सीताराम सरांनी. दीपालीचे वडील. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, डॉक्टरेट मिळवलेले, निवृत्त. घराचं दार लावून जिना उतरले की कुलूप ओढून बघायला परत वर येणारे. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणारी माणसं हवी आहेत. सरांनी एक माईक आणला, टेबलावर जाड पुस्तक ठेवलं, घसा साफ केला, आणि माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

खरं सांगते, तोपर्यंत मला सगळं सारखंच होतं. गाणं काय, फोटो काय, माझ्या सुईला फरक नव्हता. सरांचा आवाज लिहायला लागल्यावर तसं राहिलं नाही. मशीन वाचतं तसं ते वाचत नसत. पुस्तकात तक्ता आला की सांगत, "इथे तक्ता आहे. डावीकडे स्वातंत्र्य, उजवीकडे त्यावरचे वाजवी निर्बंध. मी एक ओळ डावीकडची वाचतो, मग तिच्याच समोरची उजवीकडची." आमच्या डोक्यावरून लोहगावची विमानं जातात. विमान आलं की सर म्हणत, "विमान जातंय, थांबतो." आणि खरोखर थांबत. समोर बसलेल्या माणसाशी वागावं तसं ते माईकशी वागत.

त्या वर्षी ते नम्रतासाठी वाचत होते. ती सदाशिव पेठेत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. मुख्य परीक्षेचा हा तिचा शेवटचा प्रयत्न होता, वयाची अट पुढच्या वर्षी आडवी येणार होती. राज्यघटनेवरचं मूलभूत हक्कांपासून मार्गदर्शक तत्त्वांपर्यंतचं सगळं तिला सरांकडून हवं होतं.

सर रोज सकाळी वाचायचे आणि दुपारी स्वतःचंच ऐकायचे. इथे सगळा घोटाळा होता. ऐकलं की त्यांचा चेहरा पडायचा.

"काय झालं?" हिराताई विचारायच्या. त्या महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या. प्रश्न सरळ असायचा आणि उत्तरही तसंच हवं असायचं.

"एकवीसच्या जागी बावीस म्हणालो. लगेच सुधारलंय, पण ऐकू येतं ना ते."

"मग?"

"परत वाचतो."

परत वाचायचे. ते आवडायचं नाही. तिसऱ्यांदा वाचायचे. मग वाटायचं, पहिलंच बरं होतं. माझ्यात फाइली जमत गेल्या. प्रकरण चार, प्रकरण चार नवीन, प्रकरण चार बरं, प्रकरण चार जरा बरं. जुनी फाइल ते पुसत नसत. रिसायकल बिनमध्ये टाकत. त्यांच्या लेखी ती खाटेखालची रद्दी होती. या घरात वर्तमानपत्र वाचून झालं की खाटेखाली जातं, पण गेलं म्हणजे गेलं असं नाही. रद्दीवाला दारात येईपर्यंत सर त्यातून अंक काढतात, कात्रण कापतात, परत ठेवतात. बिनचंही तसंच. सकाळी टाकलेलं संध्याकाळी बाहेर काढत.

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की ती खाटही माझ्याच पोटात आहे. बिनमध्ये टाकलं तरी माझी जागा तसूभरही मोकळी होत नाही.

नम्रताचा फोन यायचा. "जय भीम सर. जेवढं झालंय तेवढं देता का? जसं असेल तसं चालेल."

"जय भीम बेटा. होतच आलंय. एकदा सगळं तपासतो आणि एकदमच पेनड्राइव्हवर देतो."

ती "बरं सर" म्हणायची. तिच्या 'बरं'मधली काळजी मलाही कळायची.

मग एके सकाळी मी भरले. शेवटचं प्रकरण चालू होतं, मार्गदर्शक तत्त्वांचं. पडद्यावर मी चौकोन दाखवला की जागा संपली, रेकॉर्डिंग थांबवलंय. सरांचे डोळे पुस्तकात. ते वाचत राहिले, विमानासाठी थांबले, परत वाचू लागले. मी काहीच लिहू शकत नव्हते. एवढा चांगला आवाज समोर आणि मी तोंड मिटून बसलेली. हिराताई ताक घेऊन आल्या.

"अहो, हा चौकोन काय म्हणतोय?"

"कुठला चौकोन?"

"बऱ्याच वेळापासून आहे वाटतं. ताक घ्या आधी."

सरांनी ताक घेतलं नाही. मग त्यांनी जे केलं ते तेच करू जाणे. सगळी प्रकरणं, झाडून सगळी, त्यांनी निवडली आणि बिनमध्ये सरकवली. "तसंही नीट झालं नव्हतं," ते पुटपुटले. "जागा झाली की सगळं नव्यानं वाचतो." जागा झाली नाही. तेव्हा त्यांनी दीपालीला फोन केला.

ती रविवारी आली. चपला काढता काढताच कॉम्प्युटर सुरू केला. सर चहा टाकायला आत गेले, कारण लेक आली की चहा तेच करतात.

"आई, बिनमध्ये बघ केवढा कचरा साठलाय. हा सगळा डेटा इथेच अडकलाय."

"मग काढ की."

दीपालीनं काढला. एक बटण, एक 'हो'. "झालं. पप्पा, बघा किती स्पेस मिळाली तुम्हाला."

सर ट्रे घेऊन दारात उभे होते. "बिन उघडलीस?"

"रिकामी केली."

"त्यात नम्रताचं होतं."

"बिनमध्ये? पप्पा, बिनमध्ये कोण ठेवतं?"

"तात्पुरतं ठेवलं होतं."

"खाटेखाली वाकून बघ," हिराताई म्हणाल्या. "दिवाळीपासूनची सगळी रद्दी तात्पुरतीच आहे."

हसलं मात्र कोणी नाही. परीक्षा तोंडावर होती आणि नम्रताच्या हातात एकही प्रकरण नव्हतं. सरांनी ट्रे ठेवला. त्यांचा आवाज शांत होता. "माझीच चूक आहे. दीपाली, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी आत्ता बसतो. रोज दिवसभर वाचलं तर होईल." ते खुर्चीवर बसले, माईक ओढला, पुस्तक उघडलं.

मला ओरडता आलं असतं तर तेव्हा ओरडले असते. त्यांचं एकही वाक्य माझ्यातून गेलं नव्हतं. बिन रिकामी करतात तेव्हा माझ्याकडून फक्त दारावरच्या पाट्या काढून घेतात. आत माणसं तशीच बसलेली असतात. पण पाटी नसलेलं घर मोकळं समजून मी पुढचं लिखाण नेमकं तिथेच करते, तो माझा धर्म आहे. सरांनी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं असतं तर त्यांच्याच आवाजानं त्यांचा आवाज पुसला गेला असता, आणि पुसणारी मी असते.

हिराताई चहाकडे बघत होत्या. "दीपा, गेलं गेलं म्हणतेयस, ते गेलं कुठे?"

"कुठे म्हणजे? डिलीट झालं."

"एवढं जड होतं की याचं पोट फुगलं होतं. बटण दाबलं आणि एका क्षणात ते नाहीसं झालं? लिहायला इतका वेळ लागतो आणि पुसायला काहीच नाही?"

दीपाली थांबली. मग तिनं वडिलांचं मनगट धरलं. "पप्पा, रेकॉर्ड दाबू नका. काहीच दाबू नका." आणि वाकून तिनं सरळ प्लगच काढला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. स्क्रू निघाले. मी उजेडात आले, कितीतरी वर्षांनी. दीपालीनं मला फुंकर मारली, केबलनं लॅपटॉपला जोडलं, आणि माझी सुई कोपरान् कोपरा चाचपत फिरू लागली. सापडेल ते लॅपटॉपवर नेऊन ठेवायचं, माझ्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळं बाहेर आलं. पण पाट्या गेल्या त्या गेल्याच. कुठलं 'नवीन', कुठलं 'बरं', काही कळेना. नुसते आकडे. काही फाइली मध्येच तुटलेल्या.

"आता यातलं चांगलं कुठलं ते मी ऐकून ठरवतो," सर म्हणाले.

"तुम्ही?" हिराताई म्हणाल्या. "तुम्ही ठरवलंत म्हणून तर हे इथे आलंय." आणि त्यांनी सरांच्या मोबाइलवरून नम्रताला फोन लावला. काहीही न लपवता सगळं सांगितलं, बिनसकट.

नम्रता दुसऱ्या दिवशी बसनं आली. हिराताई तिला थांब्यावरून घेऊन आल्या. तिनं कानात इयरफोन घातले आणि आवाजाचा वेग इतका वाढवला की बाहेर नुसती किरकिर ऐकू येत होती.

"एवढ्या वेगात कळतं तुला?" सरांनी विचारलं.

"सवय आहे सर."

"हे मला आधी माहीत असतं," हिराताई म्हणाल्या, "तर लग्न झाल्यापासून तुम्हाला याच वेगात ऐकलं असतं."

नम्रता हसली, पण बोटं थांबली नाहीत. ही ठेवा, ही नको, ही ठेवा. सर तिच्या मागे उभे राहून बघत होते आणि अस्वस्थ होत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"बेटा, तू चुकीच्या निवडतेयस. ही ठेवलीस त्यात मी अडखळलोय. ती काढलीस ती स्वच्छ आहे, एकही चूक नाही."

"म्हणूनच काढली सर." तिनं एक इयरफोन काढला. "त्यात तुम्ही बातम्या दिल्यासारखं वाचलंय. यात बघा, विमान जातं, तुम्ही थांबता, मग अनुच्छेद वीस येतो. आता मला वीस म्हटलं की विमान आठवणार. आणि तुम्ही 'थांबा, चुकलो, परत वाचतो' म्हणता ना, तिथे मला कळतं की ही जागा अवघड आहे, इथे सरही घसरले. पेपरात मी तिथे सावकाश जाते."

सर चष्मा काढून पुसत राहिले. मी त्यांना इतकी वर्षं लिहून घेतलं होतं, पण कुठली वाक्यं जपण्यासारखी आहेत हे मला कधी कळलं नव्हतं. त्यांनाही नाही. आम्ही दोघांनी नुसतं साठवलं होतं. निवडलं तिनं.

तिनं ठेवलेली सगळी पहिलीच वाचनं होती. ती पेनड्राइव्हवर गेली. उरलेल्या फाइली लॅपटॉपवरून सरांनी स्वतः काढल्या, आणि या वेळी बिनही स्वतःच रिकामी केली. मला परत डब्यात बसवलं गेलं. आत एवढी जागा होती की मला हलकं हलकं वाटत होतं.

आता माझं वय झालंय. मधूनच माझ्यातून टकटक असा आवाज येतो, तो चांगला नाही हे दीपालीला कळलंय. ती नवीन डिस्क आणणार आहे, सुई नसलेली, आवाज न करणारी. आणा. मला त्याचं वाईट वाटत नाही. मोकळं करणं ही माणसांची मोठी कला आहे, ती मला कधीच जमली नाही, आणि ज्यांना जमते त्यांच्याकडे मी आदरानं बघते. माझं मागणं एवढंच की, नव्या डिस्कमधलं काही काढायची वेळ येईल तेव्हा स्वतःवर रागावलेले असताना काढू नका. ज्याच्यासाठी केलं होतं, त्याला आधी ऐकू द्या.

नम्रता आली होती त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मार्गदर्शक तत्त्वांचं प्रकरण अर्धवटच होतं. चहा झाल्यावर नम्रता म्हणाली, "सर, मी आहे तोवर वाचता का?" सर माईकसमोर बसले. नेहमी ते माईकशी बोलायचे, आज ती खरोखरच समोर होती. पहिलं पान नीट गेलं. दुसऱ्या पानावर त्यांनी एक आकडा चुकीचा वाचला आणि त्यांचा हात माऊसकडे आला. तो हात मी ओळखते. पुढे काय होतं ते मला पाठ आहे.

हिराताईंनी कप बशीत ठेवला. नम्रता ऐकत होती.

"थांबा, चुकलो," सर म्हणाले. हात माऊसवरून उचलला गेला. "परत वाचतो."

आणि ते पुढे वाचत गेले. मी सगळं लिहून घेतलं, कपाच्या आवाजासकट.