आवाज येत राहावा

आमच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नाही, बाथरूमलाही नाही. आत जाणाऱ्याने गुणगुणत राहायचं, ही घरची रीत. पाहुण्यांना गंमत वाटे. आई तर आंघोळीला गेली की गातच असे. माझ्या बहिणीने आपल्या मुलीलाही ते शिकवलं आणि गळा आजीवर गेलाय म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं.

आई गेल्यावर तिचं कपाट आवरायला ती भाची आली. एकोणीस वर्षांची आमची चिंगी. फोन उशीला टेकवून ती आईच्या स्वेटरांच्या घड्या घालायला बसली. फोन चालूच होता.

"कोण आहे त्यावर?"

"तोच गं, मावशी. तो त्याचं काम करतो, मी माझं. रात्री झोपतानाही कॉल चालू असतो. माझा श्वास ऐकल्याशिवाय त्याला झोप लागत नाही."

"आणि कट झाला तर?"

"घाबरतो बिचारा. मग मैत्रिणींना फोन, हॉस्टेलच्या वॉर्डनला फोन. मैत्रिणी जळतात, दुसरं काय."

"घटकाभर बंद कर ना."

"कशाला? परीक्षा संपली की त्याच्याकडेच राहायला जायचंय." माझ्याकडे बघून ती हसली. "तुझा चेहरा बघ. अगं, त्रास देणारी माणसं वेगळी असतात. पिणारी, अंगावर धावून येणारी. हा अगदी आजोबांसारखा आहे. आजोबांनी आजीला कधी बोट तरी लावलं का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हतं लावलं.

बाबा घड्याळजी. पलीकडच्या खोलीत अजूनही टेबलाशी बसतात. घड्याळ कानाशी धरून, ते उघडायच्या आत त्याचं दुखणं सांगतात.

आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा नर्सने एकदा तिच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढला आणि आई गुणगुणायला लागली. धाप लागलेली, सूर कुठला, नुसती घरघर. नर्स म्हणाली, "आजी, श्वास जपा." आई थांबेना. बाबा इथे नाहीत, असं मी सहज म्हटलं. तेव्हा ती थांबली.

मग थोडं थोडं करून तिने सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काहीतरी बोलणं झालं आणि ती बाथरूमला कडी लावून रडत बसली. त्याच दुपारी बाबांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरातल्या सगळ्या कड्या काढल्या. आवाज येत राहावा, म्हणाले, आवाज थांबला की घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. ती गप्प झाली की ते दार उघडत. रागावत नसत. उघड्या दारात उभे राहून बघत. ती पुन्हा गायला लागली की दार लोटून घेत.

"मारलं नाही हो कधी," आई म्हणाली होती. मलाच 'हो' म्हणाली होती, परक्या बाईला म्हणावं तसं.

हे सगळं मी चिंगीला सांगितलं. हळू आवाजात, पण सांगितलं. तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"हॅलो?" उशीवरून आवाज आला. खरंच मऊ आवाज होता. "गप्प का झालीस? मावशी काहीही सांगतात, राणी. बोल ना काहीतरी."

चिंगीने फोनकडे पाहिलं, मग कॉल कट केला. लगेच फोन वाजला. तिने तो बंद करून स्वेटरखाली सरकवला.

घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

"पोरींनो," भिंतीपलीकडून बाबा म्हणाले, "आहात ना?"

चिंगीचे ओठ सवयीने उघडले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ते मिटून घेतले. मीही बोलले नाही.

पलीकडे खुर्ची सरकली. पावलं दाराशी येऊन थांबली. आम्ही एकमेकींचे हात धरून गप्प बसून राहिलो, आणि दार हळूहळू उघडायला लागलं.