कांद्याची फळी हिरवी पडली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. चिंचेच्या लाकडाची, चार बोटं जाड. सुताराने रंधा मारून दिली तेव्हा गव्हाळ होते. आता जांभळी आहे आणि त्याची मला लाज नाही. खानावळीत तीस वर्षं लाल कांदा अंगावर चिरून घेणं लेच्यापेच्याचं काम नाही.

लाल कांदा ही मानी जात. कच्चा खाल तर नाकातून डोळ्यांत शिरतो. गार पाण्यात घटकाभर ठेवाल तर निवतो. मंद आचेवर परताल तर गोड होतो, पण रंग घालवून बसतो. म्हणून आमच्या मालकीणबाई त्याच्या पातळ चकत्या लिंबाच्या रसात मुरवत. दुपारपर्यंत अशा गुलाबी होत, की गिऱ्हाईक आधी त्याच मागे, जेवण मागाहून.

पुढे मालकीणबाईंचे गुडघे धरले आणि सुरी सुनेच्या हाती आली. हात चपळ, पण स्वच्छतेचं भारी वेड. एका सकाळी परातभर कांदा चिरून झाल्यावर, मी उजळावी म्हणून तिने माझ्यावर खायचा सोडा फासला. बघता बघता मी शेवाळासारखी हिरवी पडले.

"टाक चुलीत," तिचा नवरा म्हणाला. "नवी आणू. आईला कळायच्या आत."

तिने मला चुलीपाशी नेलं. तीस वर्षं सुरीला भ्याले नाही मी, त्या धगीला भ्याले.

"आईला काय कळायच्या आत?" मालकीणबाई दारात उभ्या.

"आई, मी फळी नासवली," सून रडवेली झाली.

"सोडा लावलास ना? मीही लावला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी. सासूबाईंनी फळी चुलीत घातली आणि गल्लीभर सांगत सुटल्या. अर्ध्या लिंबाचं काम होतं, ते मला फार उशिरा कळलं. आण लिंबू."

सुनेने लिंबू चोळलं. हिरवं मागे सरलं, गुलाबी वर आलं. तिचा जीव भांड्यात पडला, माझाही.

"आणि तू रे," मालकीणबाई लेकाला म्हणाल्या, "बायको घाबरली की चूल दाखवतोस? थेट आजीवर गेलास."

मित्रांनो, वापरलेली वस्तू धुवा, पुसा, वाऱ्याला उभी करा. पण डाग दिसला की लगेच तिला चुलीकडे नेऊ नका. आधी घरातल्या जाणत्या बाईला विचारा. ती दोन शब्द ऐकवेल. तेवढे ऐकून घ्या.