तीन नंबर मोठा

मी टायर बोलतोय. तोंड वर करून सांगावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही, म्हणून खाली मान घालूनच सांगतो. टायरला मान नसते हे मला ठाऊक आहे. शरम मात्र असते.

माझ्या अंगावर नंबर कोरलेला आहे: २२५/४५ आर १५. पहिला आकडा माझ्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा माझ्या बाजूच्या उंचीचा, रुंदीच्या शेकड्यात. शेवटचा, मी ज्या रिमवर बसतो तिच्या व्यासाचा, इंचांत. कारखान्यातल्या साच्यातून गरमागरम बाहेर पडलो तेव्हाच तो अंगावर उमटला होता. आम्ही चौघं एकाच दिवशी जन्मलो. रबर मऊ, खेळासाठी केलेलं. साधा टायर पाच वर्षं चालतो, आम्ही दोन हंगामांत झिजायचो. पण तेवढ्या दिवसांत जमीन अशी धरायची की गाडी वळणावर हलू नये. निदान आमची स्वतःबद्दल तशी समजूत होती.

टायरवाल्या काकांच्या दुकानात मला पुढच्या फळीवर, काचेजवळ ठेवलं होतं. येणारा-जाणारा माझ्याकडे बघायचा आणि अरुंद टायर घेऊन जायचा. मला त्यांची कीव यायची.

एक दिवस चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारा एक माणूस आला. वय पस्तिशीचं, पण घरात त्याला सगळे बाळ्या म्हणत. तो आणि त्याची मोठी बहीण मिळून एक जुनी, हलकी गाडी पळवायचे. रविवारी सकाळी, बंद पडलेल्या घाऊक बाजाराच्या रिकाम्या डांबरी मैदानात नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट आखली जायची आणि एकेक गाडी सोडली जायची. तिथं दुसऱ्या गाडीशी झुंज नाही, झुंज घड्याळाशी. खेळ पाऊण मिनिटाचा. कोन पाडला तर दोन सेकंदांचा दंड. बक्षीस म्हणजे फळ्यावर वरच्या ओळीत नाव. मंडळी सगळी हौशी.

बाळ्यानं माझ्यावर हात ठेवला. "हा द्या, काका. चारही."

"रिम किती रुंद आहे तुझी?"

"सहा इंची."

"मग एकशे पंच्याण्णव घे. फार तर दोनशे पाच. हा तुझ्या मापाहून तीन नंबर मोठा, सात-साडेसात इंची रिमवरचा गडी आहे."

"पण रुंद टायर म्हणजे पकड जास्त ना?"

"रुंद रिमवर रुंद टायर म्हणजे पकड जास्त. अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे घट्ट बुटात जाड मोजे." काका हातातला पाना पुसत म्हणाले. "याच्या कडा आत ओढल्या जातील, पोट बाहेर येईल, वळणावर हा लोळेल. शिवाय तुझी गाडी हलकी, पळणार पाऊण मिनिट. हा तापणार कधी? आणि तापल्याशिवाय मऊ टायर धरत नाही, बाबा."

काकांचा शब्दन् शब्द खरा होता. माझ्या कडांना तर तो आतून कळत होता. तरी मी काय केलं? काचेतून येणाऱ्या उन्हात खांदे पुढे काढून बसलो. विकलं जायची घाई झाली होती मला. एवढी वर्षं बघणारे बघून गेले, आता कुणीतरी न्यावं.

"बसवा हेच," बाळ्या म्हणाला.

"लोकांना नंबर काढून देतोस, आणि स्वतःच्या गाडीचा चुकवतोस," काका म्हणाले, पण त्यांनी बसवले. मी पुढचा डावा झालो.

घरी शिवणाची खोली आणि गाडीची शेड यांच्यात एकच दार होतं आणि ते कायम उघडं असायचं. ताई शिंपीण. तिनं मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढली आणि वाकून आधी रिम मोजली, मग मला. माझं पोट रिमच्या बाहेर आलेलं होतं. टेप अंगावरून फिरली तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली.

"बाळ्या, गिऱ्हाइकाचं माप न घेता कोट आणलास."

"तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"दिलंस की." ती हसली. "आणलेत तर वापरून बघू. पण हवा मी सांगेन तेवढीच. चौतीस. खाली एक पौंडही नाही."

मग तिनं कापडावर खुणा करायचा पांढरा खडू घेतला आणि आमच्या चौघांच्या खांद्यांवर एकेक रेघ ओढली. टायर वळणावर किती लोळतो, ते रेघ कुठपर्यंत पुसली गेली यावरून कळतं. ती रेघ ओढताना तिचा हात जराही हलला नाही. बावीस वर्षं कापडावर चाललेला हात.

बाळ्याला सरप्राइज द्यायचं नव्हतं, हे मला त्या आठवड्यातच कळलं. चार हंगाम झाले, ताई त्याच्यापेक्षा अर्ध्या सेकंदानं पुढे होती. गाडी तीच, टायर तेच, वाट तीच. तिनं कधी टोमणा मारला नाही. त्यामुळं त्याला जास्त लागायचं. रुंद टायरांवर तरी आपण तिला गाठू, अशी त्याची आशा होती.

पहिल्या रविवारी काका म्हणाले तसंच झालं. आम्ही जड, इंजिन लहान. गाडी सुटताना दमायची. अंगात ऊब येईतो शेवटचा कोन यायचा. दोघांचाही वेळ दीड सेकंदानं वाढला. ताई म्हणाली, "पुढच्या महिन्यात जुन्या मापाचे आणू. हे कुणाला तरी रुंद रिमवाल्याला देऊन टाकू."

दुसऱ्या रविवारी हवेत गारठा होता. दोघांची एकेकच फेरी उरली होती. ताई वळणं आठवत वाटेवरून पायी फिरत होती. बाळ्या आमच्यापाशी बसला आणि चौघांच्याही अंगातली हवा सोडली. चौतिसावरून बाविसावर. हवा कमी केली की टायर जास्त टेकतो, हे त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. ते अर्धवट खरं होतं.

तो सुटला. मी खरंच जास्त टेकलो आणि वळणांवर गाडी धरूही लागलो. पण शेवटच्या उजव्या वळणावर सगळा भार माझ्यावर आला आणि माझी बाहेरची कड रिमवरून सुटली. क्षणभरच. मग टक् करून परत बसली.

तेव्हा मला सगळं कळलं. पुढच्या खेपेला ती कड परत बसणार नव्हती.

मी त्याच वेळी हवा सोडून द्यायला हवी होती. कड नुकतीच हललेली, एक फट ठेवली असती तरी दोन मिनिटांत भुईसपाट झालो असतो आणि ताईची फेरी रद्द झाली असती. पण मैदानात बाकीचे टायर आणि सगळे चालक बघत होते. इतक्या रुंद छातीचा मी, सगळ्यांसमोर चपटा होऊन बसायचं? मी दात-ओठ खाऊन हवा धरून ठेवली.

फळ्यावर बाळ्याचा वेळ लागला. ताईपेक्षा सेकंदाच्या दोन दशांशांनी कमी. चार वर्षांत पहिल्यांदा.

ताई गाडीत बसली. पट्टा आवळताना तिनं खिडकीतून विचारलं, "हवा बघितलीस?"

"हो," बाळ्या म्हणाला.

खोटं नव्हतं. बघितलीच होती. खरं सांगितलं असतं तर ती दोन दशांशं त्याची नव्हती, सोडलेल्या हवेची होती, हे उघड झालं असतं.

ताई त्याच्यापेक्षा वेगानं आली. शेवटच्या उजव्या वळणावर माझी कड निसटली आणि मी रिमवरून आत दुमडलो. उघडी रिम डांबरात रुतली, स्टिअरिंग तिच्या हातातून गरकन फिरलं आणि गाडी कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर जाऊन आदळली. वेग फार नव्हता. पण तिचं उजवं मनगट स्टिअरिंगच्या दांडीत अडकलं होतं.

माणसं धावली. तिला उतरवलं, हाताला पट्ट्या बांधल्या. ती म्हणत होती, "मी उशिरा वळवली का रे?"

तिला दवाखान्यात न्यायला कुणीतरी गाडी काढत होतं. तेवढ्या वेळात बाळ्यानं पंप आणला आणि माझ्या तिन्ही भावंडांत चौतीस-चौतीस हवा भरली. मी फाटक्या कडेनं ते बघत होतो. वेळ मोजणाऱ्या बाईंनी वहीत लिहिलं: चालकाची चूक.

गाडी उचलायला टायरवाले काका आले. माझ्या खांद्यावरची खडूची रेघ मुळापासून पुसली गेली होती. त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला.

"हवा किती होती रे?"

"चौतीस."

काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मला उचलून गाडीत टाकलं.

मनगटाची दोन हाडं मोडली होती. आत तारा घातल्या, प्लास्टर दीड महिन्याचं. आम्ही चौघं शेडच्या भिंतीला टेकून होतो आणि उघड्या दारातून सगळं ऐकू येत होतं. ताईकडं एका वादक पथकाचे बावीस कोट शिवायला होते. निम्मे झाले होते. बाळ्या दुकानातून आला की तिच्यासमोर बसायचा. ती सांगायची आणि तो शिवायचा.

"टाका लहान घे. बटण आहे, खिळा नाही."

"असं?"

"असं. बरं जमतंय की तुला."

ती असं म्हणाली की तो सुई खाली ठेवायचा आणि पाणी प्यायला उठायचा.

हाताचं दुखणं ती बोलून दाखवत नसे. पण त्या वळणाचा विषय ती पुन्हा पुन्हा काढायची. "दुसऱ्या कोनापाशीच वळवायला हवी होती. आजवर कधी चुकला नाही तो कोन. डोळे तर तूच तपासलेस मागच्या महिन्यात, ते ठीक आहेत म्हणालास." बाळ्या नुसता हूं म्हणायचा. आणि भिंतीशी मीही गप्पच. त्या घरात खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच, आणि दोघांनाही तोंड नव्हतं.

अठराव्या दिवशी ती म्हणाली, "मी ठरवलंय. गाडी आता तूच चालव. माझ्या हाताचा मलाच भरवसा राहिला नाही. कात्री धरतानासुद्धा भीती वाटेल असं वाटतंय."

खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग बाळ्याचा आवाज आला.

"हवा बावीस होती, ताई."

"काय?"

"मी सोडली. माझ्या फेरीआधी. तुला सांगितलं नाही. आणि नंतर बाकीच्या तिघांत परत भरली, कुणाला कळू नये म्हणून. तू बरोबरच वळवली होतीस."

ताई उठून दारात आली. शेडमध्ये उतरली आणि माझ्यासमोर बसली. डाव्या हाताची बोटं तिनं माझ्या फाटक्या कडेवरून फिरवली. शिवण उसवलेली बघावी तशी. मला वाटलं, आता लाथ बसली तर बरं.

"हवा कमी केलीस ती चूक झाली," ती मागे न बघता म्हणाली. "चुका होतात. पण अठरा दिवस मला माझ्याच हातावर संशय घ्यायला लावलास. ते तू केलंस, बाळ्या. ते झालं नाही."

"काय करू मी?"

"वहीत 'चालकाची चूक' असं लिहिलंय. ते खोडून आण."

पुढच्या रविवारी तो मला घेऊन मैदानात गेला. फेऱ्या सुरू होण्याआधी सगळे चालक गोळा होतात, सूचना ऐकतात. त्यानं मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. तीस-पस्तीस माणसं. त्यानं सगळं सांगितलं. रुंदीचं, हवेचं, त्या "हो"चं, पंपाचंही. सांगताना त्यानं मला उलटं केलं आणि फाटलेली कड सगळ्यांना दाखवली. चपटं व्हायचं नव्हतं म्हणून ज्यांच्यासमोर मी हवा धरून बसलो होतो, तेच सगळे आता माझं आतडं बघत होते. त्याचे हात घामानं ओले होते. एकदा तर मी सुटून पडेन असं वाटलं.

कुणी हसलं नाही. वेळ मोजणाऱ्या बाईंनी वही उघडली, ओळ खोडली आणि त्याचा वेळही फळ्यावरून पुसला. हंगामभर त्याला गाडी चालवायला बंदी झाली. काका एवढंच म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा केलंस."

ताईचं मनगट आता पूर्वीसारखं पूर्ण वळत नाही. कोट शिवते ती, पण जाड कापडाला तिला आता दोन दमांत कात्री चालवावी लागते. पुढच्या हंगामात ती परत आली. टायर एकशे पंच्याण्णव, तिनं स्वतः मोजून आणलेले. त्यांना हवा तीसच लागते. पहिल्याच फेरीत तिनं दोन कोन पाडले आणि हसत उतरली.

मी आता मैदानाच्या कडेला, त्या सिमेंटच्या ठोकळ्यापुढे दोरीनं बांधलेला असतो. कुणी आदळलं तर माझ्यावर आदळावं म्हणून. अजून तरी कुणी आदळलेलं नाही. नवी पोरंटोरं येतात, माझा नंबर वाचतात, माझ्या रुंदीवर भाळतात. त्यांना ओरडून सांगावंसं वाटतं: आधी रिम मोजा, गाडीचं वजन बघा, मग माझ्याकडे बघा. आणि काही चुकलंच, तर ते पुढच्या माणसाला गाडीत बसण्याआधी सांगा. जे मी केलं नाही, ते तुम्ही करा.

बाळ्याकडं आता रविवारी सगळ्या गाड्यांची हवा तपासायचं काम आहे. एकेका टायरपुढे गुडघा टेकून तो आकडा मोठ्यानं वाचतो. ताईच्या गाडीशी येतो तेव्हाही.

"किती?" ती आतून विचारते.

"तीस."

"परत बघ."

तो परत बघतो.