वायफायविना स्वातंत्र्य

माझा लॅपटॉप स्वतंत्र झाला तो माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी. स्वातंत्र्य मी मागितलं नव्हतं. "फार हळू चालतोय हो," एवढंच म्हणाले होते. भाऊजींसमोर म्हणाले, ही माझी चूक.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, मुक्त सॉफ्टवेअरचे कट्टर भक्त. कंपन्या आपल्याला कसं गुलाम करतात ते रोज जेवताना सांगतात आणि स्वतःचं ताट तिथेच ठेवून उठतात. "वहिनी, तासाभरात नवाकोरा करून देतो," म्हणाले आणि मी हात पुसून येईस्तोवर जुनी सिस्टीम पुसूनही टाकली. नवरा म्हणाला, "करू दे, त्याला त्यातलं कळतं." हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

नवी सिस्टीम बसताना पडद्यावर प्रश्न आला: वायफाय, आवाज वगैरे चालवणारे कंपन्यांचे ड्रायव्हरही घालायचे का? शेजारी रिकामा चौकोन. मी म्हटलं, "करा की खूण."

भाऊजी सोवळ्यात असल्यासारखे मागे सरकले. "त्यांचा कोड कुणाला बघता येत नाही, वहिनी. तत्त्वात बसत नाही."

"आणि बाकीचा कोड तुम्ही बघता?"

"बघता येतो, हे महत्त्वाचं."

चौकोन रिकामाच राहिला. तत्त्व बसलं, वायफाय बसलं नाही. आवाजही गेला. कॅमेरा तेवढा सुरू होता. त्यात स्वतःचं तोंड बघून मला रडू यायला लागलं. मुलं मोठी होईपर्यंतची वर्षं घरात काढल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला मुलाखतीला बोलावलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी पेशंटांचे फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, सगळं घरून. मुलाखत लॅपटॉपवरूनच द्यायची, फोन चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"मग आता घाला ते ड्रायव्हर," मी म्हटलं.

"त्याला इंटरनेट लागतं."

"इंटरनेट लावा."

"त्याला ड्रायव्हर लागतो."

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. मग भाऊजींनी आपल्या फोनवरून कुठल्याशा मंचावर विचारलं. जगभरातले स्वयंसेवक धावून आले. एक म्हणाला, वायफायचं कार्ड बदला. दुसरा म्हणाला, लॅपटॉपच बदला. वहिनी बदला, एवढंच सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीची वेळ जवळ आली तरी लॅपटॉप मुकाच. मी हात पुढे केला. "भाऊजी, तुमचा द्या."

"माझा?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यावर ती... जुनीच सिस्टीम आहे."

मी उघडून पाहिलं. तीच, गुलामीची, विकतची. वायफाय सुरू, आवाज खणखणीत.

"अहो, माझी नोकरी आहे त्याच्यावर," भाऊजी म्हणाले. "उगाच जोखीम कशी घेणार?"

"आणि माझी नोकरी?"

"तुमची अजून लागायचीय ना, वहिनी."

मी त्यांचा लॅपटॉप उचलला, खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज स्वच्छ येत होता. बाहेरून भाऊजी दार ठोठावत होते, त्यांनाही म्हणे मीटिंग होती. बाईंनी हसून विचारलं, "घरून काम म्हणजे घरच्यांची साथ लागते. आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "म्हणूनच कडी लावून बसलेय."