आपलीच चाल

महारुद्रचं डोकं फिरलं ते पिंगळी गावच्या एका लग्नात. वरात निघाली आणि बँडवाल्यांनी नेमकी त्याचीच चाल धरली. 'उधळण' नावाचा बैलगाडा शर्यतीचा मोबाइल गेम सध्या जो तो खेळायलाय, त्यातली ती चाल. पेडगावच्या घरी, मळणीयंत्राच्या ठेक्यावर, त्यानं जीव काढून बांधलेली. बैल ठेचकाळतो तिथं एक मात्रा मुद्दाम गाळलेली. वऱ्हाडी बरोबर त्या गाळलेल्या मात्रेवर उडी मारत होते, आणि चाल बांधणारा मांडवाच्या खांबाला टेकून सरबत पीत उभा.

"ही चाल माझी हाय," न राहवून तो बँडमास्तर रंगनाथला म्हणाला.

"तुझी? मग गेममधी 'पारंपरिक' कामून लिवलंय?" रंगनाथ हसला. "उद्या म्हनशील, आरतीबी म्याच केली."

घरी येऊन महारुद्रनं गेममधली नावं काढून बघितली. चित्रं काढणाऱ्यांची नावं होती, ऑफिसात चहा देणाऱ्याचंसुद्धा होतं. आणि संगीत? पारंपरिक, मराठवाडा. अख्खा मराठवाडा काय चाल बांधायला बसला होता?

घोळ कुठं झाला ते त्याला लगेच कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच जळलं. गेम काढणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या अर्पितानं, त्यानं चाल पाठवली तेव्हा, फोनवर विचारलं होतं, "चाल कुणाची आहे?" आणि हा शहाणा म्हणाला होता, "आपलीच हाय की, म्याडम." आता आमच्याकडं माणूस स्वतःच्या शेताला, बैलाला, पोराबाळांनाही 'आपलं'च म्हणतो. सारखं 'माझं माझं' करणं बरं दिसत न्हाई. अर्पिताला मात्र आपली म्हणजे सगळ्यांची वाटली. आणि सगळ्यांची म्हटली की कुणाचीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं फोन लावला. अर्पितानं सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती, तेच तर वाईट.

"तुमची असेल तर नाव नक्की टाकू," ती म्हणाली. "नव्या गेमचं संगीतही मग तुम्हालाच देता येईल. काही पुरावा आहे?"

ज्या मोबाइलवर चाल बांधली तो केव्हाच बंद पडून भंगारात गेला होता.

"मग गावातलं कुणी वयस्कर माणूस सांगेल का, की ही जुनी चाल नाही म्हणून? उद्या नवी आवृत्ती निघतेय. त्यानंतर मला काही बदलता येणार नाही. संध्याकाळी फोन करते त्यांना."

महारुद्रनं वडिलांचा, किशनरावांचा, नंबर दिला. बापाहून मोठा साक्षीदार कोण? मळणीयंत्राचा आवाज मोबाइलमध्ये भरताना याच किशनरावांनी "येडं झालंय पोरगं" म्हणून त्याचा उद्धार केला होता. बायको राजेश्री म्हणालीसुद्धा, "आधी मामांना नीट समजून सांगा."

"फोन सांजच्याला यायचाय. बाजार करून येतो अन् सांगतो," म्हणत तो परभणीला गेला.

फोन दुपारीच आला. किशनराव लिंबाखाली आडवे झाले होते.

"काका, तुमच्या मुलानं एका चालीवर दावा केलाय. खरं आहे का?"

दावा म्हटल्याबरोबर म्हाताऱ्याची गाळण उडाली. बांधाच्या दाव्यापायी त्यांची सगळी उमर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली होती. "न्हाई बाई," ते हात जोडून फोनला म्हणाले, "आमचा कशावरबी दावा न्हाई. पोरगं येडं हाय."

"म्हणजे चाल जुनीच आहे?"

"लय जुनी. माझ्या आज्याच्या येळची. त्यानं कायबी केलं न्हाई बगा."

महारुद्र परतला तेव्हा किशनराव दारातच उभे होते. त्यांनी त्याला हाताला धरून आत ओढलं. "पुण्याच्या लोकांवर दावा लावलास व्हय रं? उमर जाती त्यात. मिटवून टाकलं म्या. चाल जुनी हाय म्हून सांगितलं. बाईनं लिवूनबी घेतलं."

पिशवी तशीच हातात धरून महारुद्रनं मोबाइल बघितला. अर्पिताचा मेसेज होता. 'काकांशी बोलले. नाव आहे तसंच ठेवतोय. नव्या गेमसाठी अशाच जुन्या चाली गोळा करून द्याल का?'

तोंडात आलेली शिवी त्यानं गिळली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. पोराला कोर्टाच्या तोंडातून ओढून काढल्याचं समाधान होतं ते.

"माझ्या गळ्याची आन हाय तुला," किशनराव म्हणाले. "पुना चाल बांधायची न्हाई."

"न्हाई बांधत, आबा," महारुद्र म्हणाला.