चारशे माणसांचं दार

या सगळ्यात मास्तरांना मिळणार होतं ते एवढंच: मॉलच्या दुसऱ्या मजल्यावरचा नऊ बाय आठचा गाळा, आणखी तीन वर्षं. तोवर मास्तर चौसष्टचे झाले असते, डोळ्यांनी सुईत दोरा ओवायचं तसंही सोडून दिलं असतं, आणि शेवटचं शटर त्यांनी आपल्या हातानं, आपल्या मर्जीनं ओढलं असतं. माणूस याहून कमी काय मागणार?

मास्तर म्हणजे मॉलमधले शिंपी. नवं काही शिवत नसत. खालच्या दुकानांतून घेतलेल्या पँटी आखूड करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलायची, एवढंच. बावीस वर्षांपूर्वी, मॉल नवा असताना, शनिवारी त्यांच्या गाळ्यापासून सरकत्या जिन्यापर्यंत रांग लागे. वाढलेल्या पोटाचं खापर लोक कापडावर फोडत आणि मास्तर गंभीरपणे म्हणत, "हल्ली कापड आटतंच." खाली कारंजं होतं, त्यात पोरं बुटांसकट उतरत. चौकशीच्या काउंटरवर निळं जाकीट घातलेली एक मुलगी माइकवरून हरवलेल्या पोरांची वर्णनं सांगे. ती बोलू लागली की मास्तर मशीन थांबवत. पुढे ती त्यांच्याच घरी आली. माइक गेला, आवाज राहिला.

आता कारंज्यात पाण्याऐवजी कुंड्या होत्या. झाडं प्लास्टिकची, त्यांच्यावरची धूळ तेवढी खरी. जिना सरकायचा कधीच थांबला होता. साठ गाळ्यांपैकी सात उघडे होते.

अशात मॅनेजरनं नोटीस लावली. पुढचे तीन महिने रोज सरासरी चारशे माणसं मॉलमध्ये आली, तर मालक सगळ्यांचे करार आणखी तीन वर्षं वाढवणार. नाहीतर मॉल बंद. मुख्य दाराच्या चौकटीवर मोजणीचं यंत्र होतं, आत येणारा प्रत्येक जण ते टिपी. त्या आठवड्यात रोजचा आकडा होता एकशे साठ, आणि त्यातले निम्मे नुसते स्वच्छतागृहापुरते येणारे.

खेळण्यांच्या दुकानात सातही जण जमले. तोड मास्तरांनीच काढली. "यंत्र डोकी मोजतं, तोंडं बघत नाही. मागच्या माल उतरवायच्या दारानं बाहेर पडायचं, इमारतीला वळसा घालून पुढच्या दारानं आत यायचं. घरची धरून आपण चौदा जण. माणशी अठरा फेऱ्या."

"मास्तर, ही पँट नाही," चष्म्याच्या दुकानातली बाई म्हणाली. "माप चुकलं तर उसवून परत शिवता येणार नाही."

"मग वीस धरा. दोन शिवणीत सोडल्या."

पहिल्या दिवशी मास्तर तीन फेऱ्या मारून गाळ्यात येऊन बसले.

"दमलात?" बायकोनं विचारलं.

"दमतोय कसला. गिऱ्हाईक आलं आणि मी जागेवर नसलो तर?"

"शेवटचं गिऱ्हाईक कधी आलं होतं?"

"झाले असतील नऊ दिवस."

"मग बसा बाई. दहाव्या दिवशी नेमकी झुंबड उडायची."

ती थट्टेत म्हणाली, पण मास्तर खरंच बसले. त्यांच्या वाटच्या वीस फेऱ्याही तिनं आपल्या विसांत मिळवल्या. सकाळी मास्तर तिच्या खिशात चाळीस बटणं मोजून घालत. दर फेरीला ती एक बटण कारंज्यातल्या कुंडीत टाकी. बटणांना तोटा नव्हता. बावीस वर्षांत गिऱ्हाइकांनी परत न मागितलेल्या बटणांनी दोन डबे भरले होते. गाळ्याच्या काचेतून मास्तरांना दार दिसे. तिच्या हातात दुकानांच्या पिशव्या असत, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाईनं आज मोठी खरेदी केली.

महिन्याभरात आकडा चारशे तीसवर गेला. खेळणीवाला तर मिशीला पीळ देऊन फिरायला लागला. दुसऱ्या महिन्यात तिचा उजवा गुडघा सुजला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, महिनाभर चालू नका. म्हटलं, पुढचा महिना चालेल का?"

मास्तर उठले. फेऱ्या मारायला नव्हे. जुन्या पँटींचं इलॅस्टिक काढून त्यांनी तिच्या गुडघ्यासाठी पट्टा शिवला. दुहेरी शिवण, कडेला मऊ अस्तर. मापाला अगदी नेमका बसला.

"छान झालाय हो," ती म्हणाली आणि पिशव्या उचलून निघाली. आपण काय शिवून बसलो ते तेव्हाच मास्तरांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी मशीनला तेल घातलं, आणि काचेबाहेर बघायचं मात्र सोडलं.

तीन महिने भरले. सरासरी भरली चारशे बारा. मॅनेजर स्वतः वर आला, स्टुलावर टेकला.

"मास्तर, मॉल विकला गेला. चांगल्या भावानं. एवढी वर्दळ असलेली जागा असल्या जुनाट इमारतीत अडकून पडलीय, हे नव्या मालकांना बघवेना. पाडून मोठं बांधणार. साठ दिवसांत गाळे रिकामे करा."

"आणि आमचे करार?"

"ते जुने मालक वाढवणार होते. आता ते मालक नाहीत."

मास्तरांनी कात्री मिटून खाली ठेवली. मग म्हणाले, "साहेब, ती वर्दळ म्हणजे आम्हीच होतो."

"माहीत आहे की. कॅमेरे आहेत. तुमच्या बाईंच्या फेरीवर मी घड्याळ लावायचो."

शेवटच्या दिवशी मास्तर मशीन घेऊन खाली उतरले, तेव्हा ती चौकशीच्या बंद काउंटरला टेकून उभी होती. पुढे पाऊल टाकवत नव्हतं. त्यांना बघून तिनं तोंडाशी मूठ धरली आणि जुन्या आवाजात म्हणाली, "एक शिंपी सापडला आहे. वय एकसष्ट, चष्मा, हातात मशीन. ज्यांचा असेल त्यांनी काउंटरवरून घेऊन जावं."

आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. कोणी आलं नाही. मग तिनंच त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं दारातून बाहेर पडली. बाहेर जाणाऱ्याला यंत्र मोजत नाही.

आता कोणाच्या पदरात काय पडलं ते बघा. जुन्या मालकाला भाव मिळाला. नव्याला जागा मिळाली. मॅनेजरला नव्या मॉलमध्ये मोठी खुर्ची मिळाली. खेळणीवाल्यानं बाजारात टपरी टाकली, चष्मेवाली भावाकडे गेली. मास्तर घरीच पँटी आखूड करतात. गाळा गेला, धंदा फारसा बुडाला नाही, कारण बुडायला उरलाच नव्हता. कुंडीतली साडेतीन हजार बटणं मलब्याबरोबर गेली. आणि घराच्या अकरा पायऱ्या उतरायच्या म्हटल्या की मास्तरीणबाई खिडकीतूनच विचारते, खाली काय चाललंय. तिला या सौद्यातून काहीच मिळायचं नव्हतं. पैसे चुकते केले ते तिच्या गुडघ्यानं.